सासूबाईंचा अर्धा तास

दुपारी पायल झोपली की आमच्या घरात जी शांतता पसरते, ती मी वर्षभरात फार तर चाळीस वेळा अनुभवली असेल. त्या दिवशी ती चांगली सात-आठ मिनिटं टिकली. मी पाय लांब केले, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि स्वयंपाकघरात ताटली पडली. स्टीलची ताटली पडली की लगेच गप्प बसत नाही. फरशीवर गोल गोल फिरत, आवाज बारीक करत करत शेवटी थरथरून निजते. ती निजली, मग आतून सासूबाई म्हणाल्या, "काई नाई वो, ताटली पडली."

आमच्या घरात पडायचं काम कायम भांड्यांकडेच असतं. दिवाळीत बादली पडली होती, तेव्हा सासूबाईंचं कपाळ सुजलं होतं. त्याआधी सुपलं पडलं, त्या वेळी त्या चार दिवस लंगडत होत्या. हे सगळं मला आत्ता आठवतंय. त्या दुपारी मी 'बरं' म्हटलं आणि वहीकडे वळले. पण ताटली उचलल्याचा आवाज येईना. ज्या बाईनं जन्मात भांडं जमिनीवर राहू दिलं नाही, तिची ताटली तशीच पडून आहे म्हटल्यावर मी उठले.

सासूबाई पाटाशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. डावं मनगट उजव्या हातात धरलं होतं, शेजारणीनं घटकाभर सांभाळायला दिलेली वस्तू धरावी तसं. पाटावरून उठताना तोल गेला, इतकंच. मला पाहून म्हणाल्या, "पोट्टी उठली तं नाई ना?"

क्ष-किरणाचा फोटो पाहून हाडाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की उठता-बसता पडून मनगट मोडतं तेव्हा दोष पडण्याचा नसतो, हाडाचा असतो. हाडं आतून विरळ झालीत, या वयात बायकांची होतात, किती झालीत ते मोजून घ्या. माझे सासरे शेषराव, ज्यांना मी मामाजी म्हणते, त्यांनी फोटो ट्यूबलाइटसमोर धरून बराच वेळ तपासला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. अजूनही राजापेठेतल्या आमच्या गल्लीत कोणाच्या स्कूटीचं स्टँड खाली राहिलं तर ते खिडकीतून त्याला परत बोलावतात. त्यांनी निकाल दिला, "माही माय पंच्याऐंशी वर्स जगली. दोन घागरी डोक्यावर आन एक काखेत. तिचं हाड कोणी मोजलं नव्हतं."

हे खरं होतं. तिचं काहीच कोणी मोजलं नव्हतं.

प्लास्टर झाल्याची बातमी गल्लीत आमच्या आधी पोचली. समोरच्या माणिकबाई संध्याकाळीच डिंकाचे लाडू घेऊन आल्या आणि सोबत एका वेलीचे चौकोनी कांडे, जे तुपात परतून खाल्ले की म्हणे मोडलेलं हाड रात्रीतून एकमेकाला शोधत येतं. त्यांच्या जावेचं आलं होतं. कोणतं हाड, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "म्हशीनं मोडलं होतं." पुढे विचारायची माझी छाती झाली नाही. वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या गीतांजलीताई कुठल्याशा कंपनीची पावडरही विकतात. त्या डबा घेऊन आल्या. पावडरमध्ये समुद्राच्या तळाचं कॅल्शियम होतं. समुद्र अमरावतीपासून इतका लांब आहे की त्याच्या तळाला काय आहे यावर वाद घालायला गल्लीत कोणी सापडलं नाही. माझा नवरा संघपाल अकोल्याला पाटबंधारे खात्यात आहे, सोमवारी जातो आणि शनिवारी येतो. आईच्या काळजीनं तो इतका अस्वस्थ झाला की त्यानं बसल्या जागी फोनवरून संत्र्याच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या मागवल्या. त्या पायलनं दोन दिवसांत अर्ध्या केल्या.

माणिकबाईंनी लाडवासोबत निदानही दिलं. "चार लेकरं झाली सुंदराबाईले," त्या म्हणाल्या. "लेकरू मायच्या हाडातलं खाऊनच मोठं होते. मंग मायजवळ काय राहीन?" पायल माझ्या मांडीवर बसून बिस्कीट खात होती. तिचं चावणं थांबलं. मला वाटलं, बिस्किटात केस आला असेल.

हाडं मोजायचं अमरावतीतलं जे यंत्र आम्हाला सांगितलं होतं ते बंद होतं. त्याचा कुठलासा भाग यायचा होता, आणि तो कधी येणार हे विचारल्यावर खिडकीतल्या मुलीनं वर पाहिलं, पंख्याकडे. मग अकोला. संघपाल म्हणाला, या तुम्ही, मी आहे ना. आम्ही पोचलो त्या दिवशी त्याची मीटिंग होती.

अकोल्याच्या खिडकीवर आधार कार्ड मागितलं. त्यावर सासूबाईंचं वय बावन्न होतं. कार्ड काढायच्या शिबिरात त्यांना वय विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की माझ्या मामानं विहीर खोदली त्या वर्षीची मी, आणि समोरच्या पोरानं आपल्या अंदाजानं विहीर खोदली होती. त्यांच्या थोरल्या मुलीचं वय कार्डावर सेहेचाळीस आहे. मी खिडकीतल्या माणसाला म्हटलं, दादा, या हिशोबानं यांना सहाव्या वर्षी मूल झालं. तो म्हणाला, "कागद म्हनते थे टाका लागते म्याडम." यंत्र वय विचारतं, त्याच वयाच्या बायकांशी हाडं ताडून पाहतं, असं मी बरंच समजावलं. शेवटी डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर अडुसष्ट लिहिलं होतं ते त्यानं लेन्स लावल्यासारखं डोळ्याशी धरून वाचलं आणि फार मोठा उपकार करून टाकलं. सासूबाई मागून मला हळूच म्हणाल्या, "बावन्नच राहू दिलं असतं तं?"

अहवालात लिहिलं होतं: उणे तीन पूर्णांक दोन. उणे अडीचच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ समजतात म्हणे. हे संध्याकाळी ऐकून मामाजी खुर्चीत ताठ बसले. "उणे गुन मी तीस वर्सांत कोनाले देल्ले नाईत," ते म्हणाले, "मठ्ठातल्या मठ्ठ पोट्ट्यालेही भोपळाच देल्ला."

पण त्याआधी आम्ही अकोल्यातच सासूबाईंच्या थोरल्या बहिणीकडे, गंगूबाईंकडे जाऊन आलो. गंगूबाई म्हणजे डोक्यावर भाजीची टोपली घेऊन बाजारातून चालत येणारी, वाटेत चौघांशी भांडून पाचव्याला जेवायला बोलावणारी बाई. मागच्या उन्हाळ्यात न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड गेलं. आठ महिने झाले, खिडकीशी लावलेल्या खाटेवर आहेत. भांडायला कोणी उरलं नाही म्हणून पंख्याशी भांडतात. सासूबाई प्लास्टरचा हात पदराखाली घेऊन त्यांच्या उशाशी बसल्या. गंगूबाईंनी पदर बाजूला करून प्लास्टर पाहिलं, बोटानं टकटक वाजवलं. "हात मोडला थे बरं झालं," त्या म्हणाल्या. "हातानं मानूस इशारा समजते. मले इशारा नाई भेटला."

परतीच्या बसमध्ये सासूबाईंना खिडकीजवळची जागा मिळाली. पायल त्यांच्या मांडीवर झोपली होती. बडनेऱ्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा खिडकीबाहेर पाहतच त्या म्हणाल्या, "ज्योत्स्ना, मले तशी निजू देजो नको."

लग्नाला सात वर्षं झाली. या सात वर्षांत सासूबाईंनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी 'नाही आई, नाही' म्हटलं, आणि मनात म्हटलं, त्यात काय, गोळ्याच तर घ्यायच्या आहेत.

डॉक्टरीणबाईंनी आधी लाडू सोडून सगळे डबे बंद करायला लावले. कॅल्शियम तीन दारांनी आत जाऊ लागलं तर मुतखड्याचंही पाहावं लागेल, म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. जेवणानंतर कॅल्शियमची गोळी, आठवड्याला ड जीवनसत्त्वाची पुडी दुधातून, आणि मुख्य म्हणजे आठवड्यातून एकच, हाडाची गोळी. एका पत्त्यात, म्हणजे गोळ्यांच्या पट्टीत, चार, महिनाभराच्या. ती मात्र सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. चहा तर नाहीच. नाहीतर गोळी अन्ननलिकेला लागते किंवा फुकट जाते. सोपं आहे, त्या म्हणाल्या. त्या बहुतेक एकट्या राहत असाव्यात.

पहिल्या रविवारी मी सकाळी विचारलं, घेतली का गोळी? घेतो ना, म्हणाल्या. अकराला विचारलं, घेतो. दुपारी दीड वाजता सगळ्यांची मटणाची जेवणं झाली, भांडी निघाली, आणि सासूबाईंनी ताटाशी बसण्याआधी पदराच्या गाठीतून गोळी काढली. मी धावले, तोवर गोळी गिळून झाली होती. त्या आश्चर्यानं माझ्याकडे पाहत राहिल्या. रिकाम्या पोटीच तं सांगतलं होतं, त्या म्हणाल्या, मी कधी जेवली?

त्यांचं म्हणणं कागदावर बरोबर होतं. मामाजी, संघपाल, पायल, आलेला-गेलेला, मग मी, आणि मग त्या. अशा दुपारी दीडपर्यंत त्या जवळजवळ पन्नास वर्षं रिकाम्या पोटीच आहेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पथ्य त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पाळताहेत. मी विचारलं, आणि सकाळपासून चहा किती झाले? "पाच," त्या म्हणाल्या. "चहा काई पोटात धरत असते का?"

मी एक गोष्ट कबूल करते. घरात सगळ्यात आधी कोण काय तोंडात घालतं याच्यावर मी सात वर्षांत कधी विचार केला नव्हता. पहाटे पाचला नळ, मग झाडलोट, मग फोटोपुढे अगरबत्ती आणि वंदना, पावणेसहाला ओसरीतल्या खुर्चीवर पेपर आणि मामाजी, आणि न मागता त्यांच्या हाताशी चहा. या सगळ्याच्या आधी स्वतःच्या तोंडात काहीतरी घालायचं, आणि वर अर्धा तास नुसतं बसायचं? सासूबाईंना खुब्याचं हाड मोडण्याची भीती होती, पण याची लाज त्याहून जास्त होती.

दुसऱ्या रविवारी मी पाचला उठले. गोळी मी दिली, पाणी मी दिलं, त्यांना खुर्चीत मी बसवलं आणि चहाही मीच केला. मामाजींनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि मुख्याध्यापक वहीवर शेरा मारतात त्या शांतपणे म्हणाले, "पानी आहे." सासूबाई उठल्या. मी आडवी आले, पण त्या मला वळसा घालून गेल्या. पत्ती टाकली, उकळी आणली, आणि मामाजींना साखर कमी सांगितली असल्यामुळे चमच्यानं चाखून पाहिला. एक घोट. मग खात्रीसाठी आणखी एक. गोळी घेऊन बारा मिनिटं झाली होती. मी दोन घोटांवरून जेवढी चिडले तेवढी सात वर्षांत कशावर चिडले नसेन. संघपाल आतून झोपेतच म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काई नाई, चमचा पडला.

तिसऱ्या रविवारी माणिकबाई आल्या. एकट्या बाईला अर्धा तास नुसतं बसणं जड जातं, म्हणून त्या सोबत करायला आल्या, त्यांचं पाहून गीतांजलीताई आल्या, आणि दोघींनी 'सुंदराबाई, हलायचं नाही बरं' असं पुन्हा पुन्हा बजावलं. आता दारात दोन बायका येऊन बसल्यात आणि घरची बाई खुर्चीवर. सासूबाईंना घाम फुटला. सातव्या मिनिटाला त्यांनी पोहे भिजवले. दहाव्या मिनिटाला चहा. पाहुण्यांना एकट्यानं पिऊ देणं बरं दिसत नाही, म्हणून अर्धा कप त्यांनीही घेतला. माणिकबाई जाताना मला म्हणाल्या, अशीच सेवा कर, गुन येईन.

पत्त्यात एक गोळी उरली, आणि आमच्याजवळ आठ मार्चचा रविवार. त्या दिवशी अकरा वाजता विहारात महिला दिनाचा कार्यक्रम होता, प्रमुख वक्ते मामाजी, विषय 'स्त्री-समता आणि आपलं घर'. मामाजी तसे वाईट नाहीत, उलट फार चांगले आहेत. तिन्ही मुलींना त्यांनी पदवीपर्यंत शिकवलं, दारात आलेली स्थळं परत लावून. सासूबाईंना सही त्यांनीच शिकवली. बाबासाहेबांनी बायकांसाठी काय काय केलं हे ते पाणी आल्याशिवाय राहत नाही असं बोलतात, डोळ्यांत. फक्त चहा कुठून येतो याचा त्यांनी शोध घेतलेला नाही. तो आपोआप येतो, सूर्यासारखा.

शनिवारी संध्याकाळी ते भाषण लिहीत असताना मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. मी त्यांच्यापुढे सहसा उभी राहत नाही, चहा ठेवून निघते. मी म्हटलं, "मामाजी, उद्याचा चहा तुम्ही करा."

त्यांनी चष्मा वर केला. मी केला तर तुम्हाला आवडत नाही, तुम्हाला आवडला नाही की आई उठतात, आई उठल्या की गोळी जाते, आणि गोळी गेली की गंगूमावशीची खाट. एवढं सगळं मी एका दमात बोलून टाकलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "पत्ती किती टाका लागते?"

रविवारी सहाला सासूबाईंनी गोळी घेतली. ओसरीत ताठ पाठीची खुर्ची एकच, मामाजींची. तीत त्यांना बसवलं. पायलनं भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेतलं, आणि मोठा काटा खाली टेकेपर्यंत आजी उठली तर जोरात ओरडायचं हे काम स्वतःकडे घेतलं. सासूबाईंना हात कुठे ठेवावे कळेना. प्लास्टर निघालेलं मनगट त्या दुसऱ्या हातानं चोळत राहिल्या. समोरून जाणाऱ्या दूधवाल्यानं त्यांना खुर्चीत बसलेलं पाहून सायकल थांबवली आणि मला विचारलं, तब्येत बरी नाई का आजीची?

आत मामाजी होते. आम्हाला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. साखर कुठी हाय? लाल झाकनाच्या डब्यात. लाल झाकनाच्या डब्यात रवा हाय. मंग निळ्या झाकनाच्या. मंग लाल कावून म्हनली? झाकनं बदलली वो, चार वर्सं झाली. चार वर्षं ही माहिती त्या घरात गुप्त राहिली होती. आलं कुठी हाय? गॅस कोन्या बाजूनं फिरवा लागते? प्रत्येक प्रश्नाला सासूबाईंच्या पाठीचा ताठपणा किंचित पुढे झुकायचा आणि पायल घड्याळावर हात आपटायची.

आणि मग आत काहीतरी पडलं.

ताटली होती. गोल गोल फिरली, बारीक बारीक होत गेली. सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. पायल ओरडली, "आजी, नऊ मिनिटं राहिले." ताटली थरथरली, निजली. आतून मामाजी म्हणाले, "काई नाई, ताटली पडली."

सासूबाई खुर्चीच्या कडेवर तशाच होत्या, उठलेल्याही नाहीत आणि बसलेल्याही नाहीत. मग त्यांनी विचारलं, "ताटलीच पडली न वो? तुमी तं नाई न पडले?"

हा प्रश्न इतका साधा होता. एवढ्या वर्षांत इतकी भांडी पडली. हा प्रश्न या घरात कोणी कोणाला विचारला नव्हता. मीही नाही. मी तर त्या दुपारी वहीकडे वळले होते.

आत गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग मामाजी दारात आले, हातात सांडशी, सदऱ्यावर पत्ती. ते सासूबाईंकडे पाहत राहिले, त्यांच्या मनगटाकडे. "नाई," ते म्हणाले. "मी नाई पडलो. तू बस."

त्या बसल्या. नऊ मिनिटं पूर्ण बसल्या. काटा खाली टेकल्यावर पायलनं परवानगी दिली आणि पहिला कप सासूबाईंच्या हातात गेला. तो चहा काळा, कडू आणि वर खारटही होता, कारण निळ्या झाकणाचे डबे दोन आहेत. सासूबाई तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरा झाला." मामाजींनी स्वतःच्या कपातला एक घोट घेतला, उठले, आत जाऊन भाषणाचे कागद आणले आणि मधली दोन पानं काढून घडी करून खिशात ठेवली. भाषन लांबत होतं, ते म्हणाले. संघपाल नऊला उठला आणि त्यानं विचारलं, चहा आहे का?

मी नवा पत्ता आणायचं यादीत लिहिलं. घड्याळ भिंतीला लावलं. ओट्यावरचा रवा, साखर, मीठ वेगवेगळं केलं, पायलला दूध दिलं आणि स्वतःचा चहा गरम करायला ठेवला, तिसऱ्यांदा. पायल अर्धा ग्लास दूध प्यायली आणि थांबली. पांढऱ्या मिशा तशाच ठेवून ती माझ्या मनगटाकडे पाहत होती. तिनं ते दोन बोटांत धरलं, हलकेच दाबून पाहिलं, आणि उरलेल्या दुधाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"आई," ती म्हणाली, "मी तुझ्या हाडातलं किती खाल्लं?"